भट्टीचा श्वास आणि माणसाचा श्वास

मुंबईहून नागपूरमार्गे हावड्यास जाणाऱ्या लोहमार्गावर राजनांदगाव मागे पडले, की दुर्ग येण्यापूर्वी रसमडा नावाचे एक लहान स्थानक लागते. दुर्गच्या पलीकडे भिलाई आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. पुढे ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या भट्टीच्या मागोमाग या प्रदेशात लोखंडाचे लहानमोठे उद्योग वाढत गेले. रसमडा आणि बोरई येथील औद्योगिक क्षेत्र हा त्याच विस्ताराचा एक भाग होय. येथे खनिजापासून स्पंज आयर्न तयार होते, भट्ट्यांतून पोलाद वितळते आणि त्याच्या सळ्या बनतात. याच धुराड्यांच्या छायेत वस्त्या आहेत, शेते आहेत आणि शाळाही आहेत.

अशा ठिकाणी श्वसनसंस्थेचे ज्ञान हे परीक्षेपुरते ज्ञान राहत नाही. फुप्फुसाची आकृती काढून तिच्या भागांना नावे देणारा विद्यार्थी शाळेतून बाहेर पडताच ज्या हवेत श्वास घेतो, त्या हवेशी त्या आकृतीचा काय संबंध आहे हे त्याला उमगले पाहिजे. फुप्फुसाची रचना नीट पाहिली, तर धुळीविषयीचा एक जुना वादही आपोआप निकालात निघतो. कारखान्याची धूळ कोणी अडवावी, ती श्वासातून घेणाऱ्याने की ती उडविणाऱ्याने, हाच तो वाद होय. येथे असे प्रतिपादन करावयाचे आहे की, या प्रश्नाचे उत्तर शरीररचनाशास्त्रच देते, आणि ते उत्तर निःसंदिग्ध आहे.

हवेची वाट

श्वासाचा आरंभ नाकापासून होतो. नाक हे केवळ हवेचे दार नसून ते हवेवर संस्कार करणारे दालन आहे. नाकपुडीच्या तोंडाशी असलेले केस जाडसर कचरा अडवितात. आतील बाजूस पातळ हाडांच्या वळलेल्या पट्ट्यांवर ओलसर अंतस्त्वचा पसरलेली असते. त्या वळणांतून जाताना हवा गरम होते, दमट होते आणि तिच्यातील बरीचशी धूळ चिकट श्लेष्म्यावर आपटून तेथेच अडकते. 'नाक दाबले की तोंड उघडते' ही म्हण व्यवहारात ज्या अर्थाने वापरली जाते तो बाजूला ठेवला, तरी शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही ती खरी आहे. जड ओझे उचलणाऱ्या मजुराला नाकावाटे मिळणारी हवा अपुरी पडते आणि तो तोंडाने श्वास घेऊ लागतो. त्या क्षणी शरीराची पहिली गाळणी निकामी ठरते.

घशातून पुढे स्वरयंत्र आणि त्याखाली श्वासनाल लागतो. गिळताना अन्न या वाटेने जाऊ नये म्हणून स्वरयंत्राच्या वर एक झाकण असते. श्वासनाल सुमारे १० ते १२ सेंटिमीटर लांब असून कूर्चेच्या अर्धगोल कड्यांनी तो सदैव उघडा ठेवलेला असतो. छातीत त्याच्या दोन शाखा होतात. उजवी शाखा तीन खंडांच्या उजव्या फुप्फुसात शिरते, तर डावी शाखा दोन खंडांच्या डाव्या फुप्फुसात जाते. हृदयाला जागा देण्यासाठी डावे फुप्फुस थोडे लहान असते. पुढे प्रत्येक शाखेला दोन, त्यांना पुन्हा दोन, अशा सुमारे २३ पिढ्यांपर्यंत फांद्या फुटत जातात. उलट्या धरलेल्या वृक्षाप्रमाणे ही रचना दिसते. तिच्या शेवटच्या डहाळ्यांना द्राक्षांच्या घोसासारखे वायुकोश लगडलेले असतात.

फुप्फुसांना स्वतःचे स्नायू नाहीत. ती आपण होऊन फुगू शकत नाहीत. छातीच्या तळाशी घुमटाकार श्वासपटल पसरलेले आहे. ते आकुंचन पावले की खाली सरकते, बरगड्यांमधील स्नायू छातीचा पिंजरा वर उचलतात, आतील दाब किंचित उतरतो आणि बाहेरील हवा आपोआप आत येते. स्नायू सैल झाले की फुप्फुसे आपल्या लवचिकपणाने आकसतात आणि हवा बाहेर जाते. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य मिनिटाला १२ ते १६ वेळा श्वास घेतो व प्रत्येक श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा आत ओढतो. त्यांपैकी सुमारे १५० मिलिलिटर हवा नळ्यांतच राहते. उरलेलीच वायुकोशांपर्यंत पोहोचते. या सर्व व्यापाराचे नियंत्रण मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतून होते. रक्तातील कार्बन डायॉक्साइड वाढला, की तेथून श्वास वाढविण्याची आज्ञा सुटते.

सत्तर चौरस मीटरांचे अंगण

दोन्ही फुप्फुसांत मिळून सुमारे ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. एकेकाचा व्यास सुमारे एक-पंचमांश मिलिमीटर एवढाच. परंतु ते सर्व उलगडून सपाट पसरले, तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील. दोन-तीन खोल्यांच्या एखाद्या घराएवढे हे क्षेत्र माणसाच्या छातीत घडी घालून ठेवलेले आहे. प्रत्येक वायुकोशाभोवती केशवाहिन्यांचे जाळे असते. हवा आणि रक्त यांच्यामधील पडदा एका मायक्रॉनहूनही पातळ, म्हणजे एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा कमी जाडीचा असतो. या पडद्यातून प्राणवायू, म्हणजेच ऑक्सिजन, रक्तात जातो आणि कार्बन डायॉक्साइड बाहेर येतो. आत घेतलेल्या हवेत ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते, ते सोडलेल्या हवेत सुमारे १६ टक्के उरते. रक्ताचा एखादा थेंब या अंगणात थांबतो तो जेमतेम पाऊण सेकंद. तेवढ्यात देवघेव पूर्ण होते.

शरीराच्या कातडीची जाडी आणि या पडद्याचा पातळपणा यांची तुलना केली, म्हणजे फुप्फुसांचे खरे स्वरूप लक्षात येते. बाहेरील जगाशी शरीराचा सर्वांत विस्तृत आणि सर्वांत नाजूक संपर्क येथे होतो. पडदा जाड असता, तर तो सुरक्षित राहिला असता. पण मग त्यातून प्राणवायू जाऊ शकला नसता. श्वसनाची सोय आणि श्वसनाचा धोका या एकाच रचनेच्या दोन बाजू आहेत.

लोखंडाची दोन नाती

रसमड्यासारख्या ठिकाणी स्पंज आयर्न कसे बनते हे पाहिले, तर फुप्फुसात काय घडते ते अधिक चांगले समजते. लोहखनिज म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन यांचे घट्ट संयुग होय. हे खनिज व दगडी कोळसा एका लांब, संथपणे फिरणाऱ्या नळकांड्यासारख्या भट्टीत सुमारे १,००० अंश सेल्सियस तापमानापर्यंत तापवितात. कोळसा अपुऱ्या हवेत जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हा वायू खनिजातील ऑक्सिजन हिरावून घेतो आणि मागे लोखंड उरते. ऑक्सिजन निघून गेल्यामुळे त्यात असंख्य बारीक छिद्रे राहतात; म्हणूनच त्याला स्पंजाची उपमा मिळाली.

माणसाच्या रक्तातही लोखंड आहे. तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन या द्रव्याच्या प्रत्येक रेणूत लोखंडाचे चार अणू असतात आणि प्रत्येक अणूवर ऑक्सिजनला बसण्याची एकेक जागा असते. खनिजातील लोखंड ऑक्सिजनला जखडून ठेवते. रक्तातील लोखंड त्याला हलक्या हाताने धरते व जेथे गरज असेल तेथे सोडून देते. या हलक्या धरण्यावरच प्राण्याचे जीवन अवलंबून आहे. पण येथेही कार्बन मोनॉक्साइड आडवा येतो. हिमोग्लोबिनची या वायूशी असलेली आसक्ती ऑक्सिजनशी असलेल्या आसक्तीच्या सुमारे २०० ते २५० पट आहे. हवेत त्याचा अल्प अंश असला, तरी तो हळूहळू ऑक्सिजनच्या जागा बळकावतो. भट्टीत जो वायू लोखंडापासून ऑक्सिजन सोडवितो, तोच रक्तात लोखंडापर्यंत ऑक्सिजन पोहोचू देत नाही.

या वायूला रंग नाही, वास नाही आणि तो नाकाला झोंबतही नाही. १८९० नंतरच्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी कोळशाच्या खाणींतील स्फोटांत मृत्यू पावलेल्या कामगारांचा अभ्यास केला. त्यांतील बहुसंख्य कामगार स्फोटाच्या आघाताने नव्हे, तर स्फोटानंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने मेले होते, असे त्यांनी दाखवून दिले. हा वायू स्वतः हुंगून त्याचे परिणाम नोंदविण्याचे धाडसही त्यांनी केले. खाणीत लहान पक्षी बरोबर नेण्याची पद्धत त्यांच्याच सूचनेतून रूढ झाली. पक्ष्याचा श्वासोच्छ्वास जलद असल्यामुळे माणसाच्या आधी पक्षी गळून पडतो व धोक्याची सूचना मिळते.

भिलाईला हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला. १२ जून २०१४ रोजी तेथील पोलाद कारखान्याच्या एका पंपगृहात पाण्याचा दाब उतरल्यामुळे झोतभट्टीचा वायू शिरला. त्या वायूत कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण साधारणपणे पंचमांश ते चतुर्थांश असते. सहा जणांचा मृत्यू झाला. त्यांत वरिष्ठ अधिकारीही होते. अशा प्रसंगी डोके जड होणे, चक्कर येणे आणि पायांतील बळ जाणे ही लक्षणे दिसतात. पण ती ओळखून बाहेर पडण्याइतकी शुद्ध माणसाला पुष्कळदा उरत नाही. त्याला वाचविण्यासाठी साधनाविना धावून जाणाराही बळी पडतो. बोटाला लावून प्राणवायू मोजणारे जे छोटे यंत्र करोनाच्या साथीपासून घरोघर दिसू लागले, तेही येथे फसते. कारण कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनयुक्तच वाटते. म्हणून भट्टीजवळ काम करणाऱ्याच्या अंगावर हा वायू ओळखणारे स्वतंत्र उपकरण असणे ही चैन नव्हे. खाणीतील त्या पक्ष्याची जागा आज त्या उपकरणाने घेतली आहे, आणि ते न पुरविणे म्हणजे माणसालाच पक्ष्याच्या जागी उभे करणे होय.

पहारा कोठे संपतो

वायूंचा अपघात एका तासात घडतो. धुळीचे कार्य वर्षानुवर्षे चालते. म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते. धुळीशी लढण्यासाठी शरीराने तीन चौक्या उभारल्या आहेत. पहिली नाकाची. मायक्रॉनमध्ये मोजल्यास माणसाचा केस सुमारे ५० ते १०० मायक्रॉन जाडीचा भरतो. सुमारे १० मायक्रॉनहून मोठे कण बहुतांशी नाकात व घशातच अडतात. दुसरी चौकी श्वासनाल आणि त्याच्या शाखांची. तेथील अंतस्त्वचेवर अतिसूक्ष्म लव असते. ती सेकंदाला दहा-वीस वेळा एका लयीत हलते आणि वरचा चिकट श्लेष्मा, त्यात रुतलेल्या धुळीसह, घशाच्या दिशेने वर ढकलते. हा सरकता पट्टा रात्रंदिवस चालू असतो. सकाळी खाकरून टाकला जाणारा काळसर कफ ही त्याच पट्ट्याने वर आणलेली घाण होय.

परंतु सुमारे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण हवेच्या प्रवाहाबरोबर या दोन्ही चौक्या चुकवून थेट वायुकोशांत उतरतात. तेथे लवेचा पट्टा नाही, आणि तो असूही शकत नाही, कारण तेथे पडदा पातळ ठेवणे अपरिहार्य आहे. तेथे केवळ तिसरी चौकी आहे, ती म्हणजे भक्षक पेशींची. या पेशी आलेला कण गिळतात आणि शक्य झाल्यास त्याला घेऊन सरकत्या पट्ट्यापर्यंत जातात किंवा रसवाहिन्यांच्या मार्गाने ग्रंथींत नेऊन ठेवतात. जंतूंच्या बाबतीत ही व्यवस्था उत्तम आहे, कारण जंतू पचविता येतात. दगड पचविता येत नाही. स्फटिकी सिलिकाचा कण गिळलेली भक्षक पेशी स्वतःच मरते; तिच्यातून सुटलेली द्रव्ये भोवती दाह निर्माण करतात; कण पुन्हा मोकळा होतो आणि दुसरी पेशी त्याला गिळते. या चक्रातून वायुकोशांच्या जागी कठीण, तंतुमय गाठी तयार होतात. ७० चौरस मीटरांचे अंगण चौरस चौरस करून कायमचे बुजत जाते. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो झाल्यावर मागे वळविणारे औषध नाही, आणि त्याने ग्रासलेल्या फुप्फुसात क्षयाचे जंतूही लवकर घर करतात. पोलाद वितळविणाऱ्या प्रवर्तन भट्ट्यांचे अस्तर सिलिकाच्या भुकटीनेच ठोकून बसवितात. जुने अस्तर फोडून काढणाऱ्या मजुराला हा धोका विशेष असतो.

कोळशाची राख, लोहखनिजाची भुकटी आणि धुराड्यातील काजळी यांचे बारीक कण सिलिकाइतके तीव्र नसले, तरी ते निरुपद्रवीही नाहीत. अडीच मायक्रॉनच्या आतील धूळ फुप्फुसांच्या विकारांप्रमाणेच हृदयविकाराची व पक्षाघाताची शक्यताही वाढविते, हे आता निर्विवाद ठरले आहे. अशा धुळीचे वार्षिक सरासरी प्रमाण घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, असे भारताचे २००९ सालचे मानक सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हीच मर्यादा ५ मायक्रोग्रॅम सुचविली. भिलाई हे शहर तर केंद्र सरकारने २०१९ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे. म्हणजे तेथील हवा सुधारण्याची आवश्यकता सरकारने अधिकृतपणे मान्य केलेली आहे.

पण अशी मानके हवेतील प्रमाण सांगतात. छातीत किती धूळ गेली ते सांगत नाहीत. स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा घेतो. फावड्याने कोळसा ओढणारा मजूर सहज ३० लिटर घेतो. आठ तासांच्या पाळीत त्याच्या छातीतून १४ घनमीटरांहून अधिक हवा जाते. कार्यालयात बसलेल्या माणसाच्या छातीतून तेवढ्याच वेळात साडेतीन घनमीटरांच्या आसपास. हवा एकच असली, तरी मजुराच्या वाट्यास चौपट धूळ येते, आणि तीही बहुधा तोंडावाटे, म्हणजे पहिली चौकी वगळून.

मुकी फुप्फुसे

फुप्फुसांचा आणखी एक गुणधर्म येथे घातक ठरतो. त्यांच्या मूळ ऊतकाला वेदना कळत नाही. दात किडला तर तो ठणकतो, पायात काटा रुतला तर पाय ओरडतो. फुप्फुसाचा एखादा भाग निकामी झाला, तरी ते मुकेच राहते. शिवाय निसर्गाने त्यांना विपुल राखीव सामर्थ्य दिले आहे. शस्त्रक्रियेने एक फुप्फुस काढून टाकलेला मनुष्यही शांतपणे बसून दैनंदिन व्यवहार करू शकतो. याचा अर्थ असा की, जिना चढताना दम लागू लागेपर्यंत पुष्कळ हानी होऊन गेलेली असते. 'अजून मला काही त्रास नाही' हे कामगाराचे वाक्य प्रामाणिक असते, पण तो त्याच्या फुप्फुसांच्या सुस्थितीचा पुरावा नव्हे.

मुलांच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिकच गंभीर आहे. वायुकोशांची संख्या जन्मानंतरही बालपणात वाढत राहते आणि फुप्फुसांची वाढ विशीच्या आसपास पूर्ण होते. अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्नियात दहा ते अठरा वर्षांच्या मुलांची फुप्फुसे सतत आठ वर्षे मोजण्यात आली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार, सूक्ष्म धूळ सर्वांत कमी असलेल्या गावात अठराव्या वर्षी फुप्फुसांची शक्ती लक्षणीयरीत्या उणी असलेल्या मुलांचे प्रमाण सुमारे १.६ टक्के होते, तर सर्वांत अधिक धूळ असलेल्या गावात ते सुमारे ७.९ टक्के होते. याच प्रकल्पाचे दुसरे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. मधल्या काळात हवा सुधारली होती, आणि तिच्याबरोबर नंतरच्या पिढीतील मुलांच्या फुप्फुसांची वाढही सुधारलेली आढळली. पहिला निष्कर्ष काळजीत टाकणारा आहे. दुसरा आशा देणारा आहे. दोन्हींचे तात्पर्य मात्र एकच: हवा बदलली की फुप्फुस बदलते.

काही नेहमीचे आक्षेप

यावर नेहमी चार आक्षेप घेतले जातात आणि ते ऐकून घेण्याजोगे आहेत. पहिला आक्षेप विडीचा. कामगारांच्या छातीचे विकार विड्या ओढल्यामुळे होतात, असे म्हटले जाते. विडीचा धूर श्वासनलिकेतील लव बधिर करतो, हे सत्य आहे. कामगाराने विडी सोडलीच पाहिजे. परंतु ज्या माणसाचा सरकता पट्टा धुराने मंदावला आहे, त्याच्या छातीत कारखान्याची धूळ अधिक साठते. म्हणजे विडीमुळे धुळीचा दोष कमी होत नाही, उलट तिचा घात वाढतो. आणि रसमड्याच्या शाळेतील मुले विड्या ओढीत नाहीत.

दुसरा उपाय गुळाचा सांगितला जातो. धुळीत काम करणाऱ्यांना गुळाचा खडा देण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. गुळाने घशाला बरे वाटते व श्रमणाऱ्या शरीराला शक्ती मिळते. पण गूळ अन्ननलिकेने जठरात जातो. धूळ श्वासनलिकेने वायुकोशांत जाते. दोन वाटा वेगळ्या आहेत. गुळाचा खडा हा आपुलकीचा भाग ठरू शकतो, संरक्षणाचा नव्हे.

तिसरा उपाय प्राणायामाचा. प्राणायामाचा यंत्रांच्या साहाय्याने अभ्यास करण्याचा मान महाराष्ट्रातील लोणावळ्याकडे जातो. स्वामी कुवलयानंद यांनी तेथे १९२४ साली कैवल्यधाम स्थापून योगाचे शास्त्रीय परीक्षण आरंभिले. संथ व खोल श्वसनाने श्वासाचे स्नायू सुदृढ होतात व मन शांत होते. परंतु प्राणायामाने हवा गाळली जात नाही. धुळकट हवेत दीर्घ श्वास घेणारा मनुष्य ती धूळच अधिक खोलवर नेतो. प्राणायामासाठी शुचि देश निवडावा, असे परंपरा सांगते. तिच्यातील शुचित्वाचा एक अर्थ तरी शुद्ध हवा हा असलाच पाहिजे.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. कारखाने बंद पडले, तर माणसे उपाशी मरतील. धुळीपेक्षा भूक वाईट. यात तथ्य आहे, आणि ज्याच्या घरात चूल पेटलेली आहे त्याने उपाशी माणसाला शुद्ध हवेचे प्रवचन देऊ नये. पण येथे प्रश्न कारखाना की हवा असा नाहीच. स्पंज आयर्नच्या भट्टीचा धूर ज्यातून जावा असा विद्युत् धूळ-संग्राहक, कापडी पिशव्यांच्या गाळण्या, झाकलेले पट्टे, पाण्याचा फवारा ही सर्व साधने ज्ञात आहेत आणि उपलब्ध आहेत. विद्युत् धूळ-संग्राहकात कणांना विद्युत्भार देऊन धातूच्या पत्र्यांकडे खेचले जाते. तो नीट चालला, तर धुरातील बहुतेक सर्व धूळ खाली उतरते. मात्र त्याला वीज लागते, आणि विजेला पैसे लागतात. यंत्र बसविलेले असणे व यंत्र चालू असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ते रात्री बंद ठेवले, तर हिशेबात बचत दिसते; पण तो खर्च नाहीसा झालेला नसतो. तो गावाच्या छातीवर चढविलेला असतो.

रात्रीची ही गोष्ट हवामानाच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा थंड होते, वरची हवा उबदार राहते आणि थंड हवा झाकणाखाली अडकल्यासारखी जागच्या जागी राहते. धूर वर न चढता गावावर पसरतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात डोनोरा या पोलाद व जस्ताच्या कारखान्यांच्या गावावर ऑक्टोबर १९४८ च्या अखेरीस असेच झाकण पाच दिवस बसले. वीस माणसे मरण पावली आणि हजारो आजारी पडली. पाऊस आला तेव्हाच हवा मोकळी झाली. औद्योगिक धूर हा केवळ त्रासदायक नसून प्राणघातक असू शकतो, हे त्या लहानशा गावामुळे जगाला मान्य करावे लागले.

धूळ कोठे अडवावी

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. शरीराच्या तीन चौक्यांपैकी पहिल्या दोन सूक्ष्म धुळीला अडवू शकत नाहीत व तिसरी दगडाच्या कणापुढे हार खाते. गळ्यातील गमछा तोंडावर बांधला, तर त्याच्या धाग्यांमधील फटी या कणांच्या कित्येक पट मोठ्या असतात. खरा गाळणीदार मुखवटा उपयोगी आहे. पण तो चेहऱ्याशी घट्ट बसला पाहिजे, वेळच्या वेळी बदलला पाहिजे आणि भट्टीच्या धगीत आठ तास सहन झाला पाहिजे. मुखवटा ही शेवटची ढाल आहे. तिला एकमेव ढाल मानणे हा अन्याय आहे. गावातील अर्भकाला व म्हाताऱ्याला तर ती ढालही नाही. म्हणून धूळ अडविण्याची योग्य जागा एकच उरते: जेथे ती उत्पन्न होते ती.

हा विचार नवा नाही. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या १४व्या कलमात असा दंडक घातला गेला की, धूळ व धूर ओढून घेणारे साधन जेथे लागेल तेथे ते धुळीच्या उगमस्थानाच्या शक्य तितके जवळ बसवावे आणि ते स्थान शक्य तितके बंदिस्त करावे. २०२० साली संसदेने संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षाविषयक संहितेत तो अधिनियम समाविष्ट करण्यात आला. पण कायद्याचे नाव बदलले म्हणून फुप्फुसाची रचना बदलत नाही, आणि त्या कलमामागील तत्त्वही बदलत नाही. शरीरशास्त्र जे सांगते तेच त्या कायद्याने एका वाक्यात लिहून ठेवले होते.

याच्या जोडीला मोजमाप हवे. श्वसनमापक यंत्रात जोराने फुंकून पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते हे मोजण्यास काही मिनिटेच पुरतात. मुक्या फुप्फुसांना वाचा देणारे हे साधन आहे. कामावर घेताना, आणि पुढे दरवर्षी, ही मोजणी करून तिचा कागद कामगाराच्या स्वतःच्या हाती दिला पाहिजे. निरोगी माणसाची ही शक्ती पंचविशीनंतर वर्षाला सुमारे २५ ते ३० मिलिलिटर या वेगाने आपोआप घटते. घट याहून जलद दिसली, तर दम लागण्याची वाट न पाहता त्या माणसाला धुळीपासून दूर करता येते. कंत्राटी मजूर आज एका कारखान्यात व उद्या दुसऱ्यात जातो. नोंद कारखान्याच्या कपाटात राहिली, तर ती त्याच्या उपयोगाची नाही.

शाळेचे काम

हे सारे रसमड्यापुरते मर्यादित नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस असो, जालन्याचे पोलाद उद्योग असोत, जेथे लोखंड वितळते तेथे हीच रचना असलेली फुप्फुसे श्वास घेतात. अशा गावांतील शाळांनी श्वसनसंस्थेचा पाठ शिकविताना फळ्यावरील आकृतीच्या शेजारी गावाच्या धुराड्याचीही आकृती काढावी. पांढऱ्या कागदावर तेल लावून तो शाळेच्या गच्चीवर एक दिवस ठेवला, तर हवेतील जाडसर धूळ डोळ्यांना दिसते. जी त्या कागदावर दिसत नाही ती अधिक घातक, हे शिक्षकांनी त्याच वेळी सांगावे. सार्वजनिक वाचनालयांनी हवेच्या मोजणीचे अधिकृत आकडे वृत्तपत्रांच्या शेजारी लावावेत. नागरिकाला आकडा वाचता येऊ लागला, म्हणजे त्याला प्रश्न विचारता येतो. आणि कारखान्याचे धूळ-संग्राहक यंत्र रात्री चालू ठेवण्यास अशा प्रश्नांइतके परिणामकारक दुसरे काही नाही.

लोखंडावाचून आधुनिक जीवन चालत नाही. पूल, रूळ, नांगर आणि इमारती यांना ते लागते. तसेच रक्तातील लोखंडावाचूनही जीवन चालत नाही. प्रौढ माणसाच्या शरीरातील सगळे लोखंड एकत्र केले, तर ते चार ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एखाद्या लहान खिळ्याएवढे भरते. त्या एवढ्याशा लोखंडापर्यंत स्वच्छ हवा पोहोचू देणे हे ज्या उद्योगाला परवडत नाही, त्याच्या लोखंडाची खरी किंमत अजून कोणी मांडलेलीच नाही.